धावण्याचा नेम

पहाटे धावावयास जाण्याचा आमचा नेम गेली एकोणीस वर्षे चालू आहे. फ्रीगंजातील टॉवरपासून निघावे, कोठी रस्त्याच्या झाडांखालून जमेल तितके जावे आणि परतावे, एवढाच त्याचा विस्तार. वेग सांगण्याजोगा नाही; दूधवाल्याची सायकल आम्हांस सहज मागे टाकते. परंतु नेम तो नेम. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही गच्चीवर फेऱ्या मारल्या आणि खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडाचा रोष पत्करला.

गेल्या पावसाळ्यात डाव्या टाचेने बंड केले. सकाळी बिछान्यातून उठून पहिली चार पावले टाकताना खिळा रुतावा तशी कळ येई आणि चालता चालता ओसरे. तळव्याखाली टाचेपासून बोटांकडे गेलेला एक चिवट पट्टा असतो, तो टाचेपाशी दुखावला आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. पोटरी ताणण्याचा व्यायाम करावा, गार पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवावी, फरशीवर अनवाणी चालू नये आणि धीर धरावा, हा उपचार. यांपैकी शेवटचे औषध आमच्या घरात पूर्वीपासूनच तुटपुंजे.

तथापि टाचेचे दुखणे उघड असते. धास्ती खरी छातीची. आमचे वडील व थोरले बंधू, दोघेही साठीच्या आत हृदयविकाराने गेले. हितचिंतक त्यामुळे जिम फिक्स यांचे नाव ऐकवितात. १९७७ साली पुस्तक लिहून अमेरिकेला धावण्याचे वेड लावणारे हे गृहस्थ १९८४ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, धावावयास गेले असता रस्त्यातच कोसळले. त्यांचे वडील ४३ व्या वर्षी हृदयविकारानेच गेले होते आणि स्वतः फिक्स पस्तिशीपर्यंत भरपूर सिगारेटी ओढीत, हे मात्र सांगावयाचे राहून जाते. अंथरुणावर गेलेल्यांची नावे कोणी ऐकवीत नाही!

याउलट इंग्लंडचे रॉन हिल. १९७० साली बोस्टनची मॅरेथॉन जिंकलेला हा धावपटू डिसेंबर १९६४ पासून रोज किमान एक मैल धावला. १९९३ साली पायावर शस्त्रक्रिया झाली तेव्हा कुबड्यांच्या आधारे त्याने तो मैल पुरा केला. जानेवारी २०१७ मध्ये धावताना छातीत दुखू लागले, आणि बावन्न वर्षांचा नेम त्याने थांबविला. कुबड्यांवरच्या त्या मैलाचे लोक कौतुक करतात. आम्हांस ते थांबणे मोठे वाटते.

आमच्या उज्जैनीत हे ठाऊक असलेले लोक दरवर्षी दिसतात. आपल्या पंचांगाप्रमाणे चैत्र वद्य दशमीला (इकडचे लोक तिला वैशाखातील म्हणतात) पंचक्रोशी यात्रा निघते. माळव्यातील खेडुतांचे थवे डोक्यावर गाठोडी घेऊन भर उन्हात ११८ किलोमीटर चालतात. निघण्यापूर्वी पटनी बाजारातील नागचंद्रेश्वरापुढे नारळ ठेवून ते देवाकडून बळ मागून घेतात. परत आल्यावर मातीचे घोडे वाहून ते बळ देवाला परत करतात. उसने घेतलेले बळ आपलेच समजून घरी नेण्याची तेथे रीत नाही.

दिवंगत बंधूंचा मुलगा दिवाळीत आला होता. टाचेची चौकशी झाल्यावर तो म्हणाला, “काका, नेम तुमचा आहे, पण काळजी आमच्या वाट्याला येते. बाबांच्या वेळी आम्हांला काही कळलेच नाही.” यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्याच आठवड्यात हृदयाची तपासणी झाली. छातीला तारा लावून आम्हांस यंत्राच्या पट्ट्यावर चालविण्यात आले. निकाल ठीक आला. मात्र छातीत जडपणा वा वेगळाच दम जाणवल्यास तत्काळ थांबावे आणि दरवर्षी तपासणीस यावे, अशी ताकीद मिळाली. ती कपाटाच्या आतील बाजूस, बुटांच्या वर, पुतण्याच्या अक्षरात चिकटविलेली आहे.

सध्या आम्ही एक दिवसाआड धावतो. मधल्या दिवशी सौभाग्यवतींसमवेत त्याच रस्त्याने चालतो. त्या पुष्कळच भरभर चालतात, आणि वळणावर उभ्या राहून, “अहो, येताय ना?” असे विचारतात.