आपल्याला मानवेल ती बोट

कोकणच्या माणसाला बोटीचा प्रवास नवा नाही. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली आगबोट विजयदुर्ग, देवगड, मालवण करीत वेंगुर्ल्याकडे जाई. बंदर आले, की उतारू ट्रंका-बोचकी सांभाळीत पडावात उतरत. तो प्रवास गरजेचा होता. हल्लीचा बोटप्रवास हौसेचा. गरजेला निवड नसते. हौसेला मात्र ती करावीच लागते. वर्षानुवर्षांची शिल्लक एका आठवड्यात खर्ची घालायची, तर बोट आपल्या घराला मानवणारी हवी.

पहिला प्रश्न असा, की तुम्हांला बोट पाहायची आहे की किनारा? जानेवारी 2024 मध्ये मायामीहून प्रथम निघालेली ‘आयकॉन ऑफ द सीज’ ही नौका 365 मीटर लांब आणि वीस मजल्यांची आहे. एका खोलीत दोघे धरले, तरी साडेपाच हजारांवर उतारू! पोहण्याचे तलाव, घसरगुंड्या, नाटके सारे बोटीवरच. मुलांची चंगळ होईल. पण ज्याला कठड्याशी उभे राहून घटकाभर स्वस्थपणे समुद्र पाहायचा आहे, त्याला दादरच्या गर्दीतून निघून पुन्हा दादरलाच आल्यासारखे वाटेल.

उलट नॉर्वेची ‘हुर्टिग्रुटेन’ ही किनारी बोटसेवा 1893 पासूनची. बर्गेनहून किर्केनेसपर्यंत 34 बंदरे घेत, जाऊन-येऊन सुमारे बारा दिवस लागतात. वाटेत माल चढतो, गावकरी उतरतात. करमणूक म्हणाल तर डोंगर, पाणी आणि बंदरे! मात्र ऋतू पाहून जावे. जूनमध्ये उत्तरेकडे मध्यरात्रीचा सूर्य दिसतो, पण ध्रुवीय प्रकाश दिसत नाही. त्याला काळोखी रात्र लागते. एका तिकिटात दोन्ही मिळत नाहीत.

दुसरा प्रश्न प्रकृतीचा. ज्यांना बोट लागते, त्यांनी खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली खोली घ्यावी; तेथे डोल कमी. बरोबर वडीलधारी मंडळी असतील, तर बोट धक्क्याला लागते की समुद्रात नांगरते, हे आधी विचारावे. ग्रीसमधील सांतोरिनीला मोठ्या नौका बाहेरच थांबतात. उतारूंना लहान बोटीने किनाऱ्यावर नेतात. तेथून वर फिरा गावात जायला दोरगाडी, नाही तर जवळजवळ सहाशे पायऱ्या! दुखऱ्या गुडघ्यांना ही माहिती तिकीट काढण्यापूर्वी मिळालेली बरी.

तिसरा प्रश्न पैशाचा. भाड्यात खोली आणि नेहमीचे जेवण येते. बंदरावरच्या सहली, पेये आणि बक्षिसी यांचे बहुधा वेगळे द्यावे लागते. तेव्हा जाहिरातीतल्या आकड्याखालची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचावीत.

आणि शेवटचा कौल घरातल्या सर्वांत दमलेल्या माणसाचा घ्यावा. बहुतेक घरांत ती गृहिणीच असते. आयते ताट आणि दुपारची निवांत झोप एवढेच जिला हवे आहे, तिला आठ दिवसांत आठ बंदरे दाखविण्याचा अट्टहास कशासाठी? तिला बोट मानवली, की घराची सफर साधली म्हणून समजावे.