घरांतील तळें

छंद पुष्कळ आहेत. परंतु मासे पाळण्याइतका उलट्या क्रमानें आरंभिला जाणारा छंद विरळाच. बहुतेक घरांत आधीं रंगीत मासे येतात, मागून कांचेचें भांडें येतें, आणि शोभेकरितां एखादी वनस्पति सर्वांत शेवटीं. तीहि पुष्कळदां प्लॅस्टिकची! वास्तविक आधीं पाणी, मग वनस्पति आणि अखेरीस मासे, असा क्रम पाहिजे.

लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीनें बोधप्रद आहे. त्यानें दोन सोनेरी मासे आणि व्हॅलिसनेरिया ही लांब फितीसारख्या पानांची पाणवनस्पति एका भांड्यांत ठेविलीं. पुढें जुनीं पानें कुजूं लागून पाणी गढूळ झालें, तेव्हां त्यानें तळ्यांतील गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनीं कुजकें खाल्लें, पाणी निवळलें, आणि तिघांचा संसार सुरळीत चालला. वनस्पतीनें प्राणवायु द्यावा, माशांच्या मळानें वनस्पतीस खत मिळावें, गोगलगायींनीं झाडलोट करावी. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हा व्यवहार निराळा समजावून सांगण्याची गरज नाहीं.

ही व्हॅलिसनेरिया परदेशची पाहुणी नव्हे. ती आमच्या तळ्यांतहि उगवते. आमची नाकाडोंगरी तुमसर तालुक्यांत. या बाजूस मँगनीजच्या खाणींचें नांव अधिक. परंतु भंडारा जिल्ह्याची खरी ओळख तळ्यांचा जिल्हा हीच. कोहळी समाजानें धानाच्या शेतीसाठीं येथें पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधिले. १९५१ सालीं मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि त्यांवरील घरचें लक्ष उडालें. पुढें कित्येक तलावांत बेशरमाचें रान माजलें. रोहू-कटल्याचें बीज सोडण्यावर भर राहिला, पण पाण्याखालच्या हिरवळीची विचारपूस कोणी केली नाहीं.

ती केली ढिवर समाजानें. पूर्वींच्या भंडारा जिल्ह्यांतील, आणि १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यांत असलेल्या अर्जुनी मोरगांव तालुक्यांत, मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांच्या सोबतीनें ढिवर स्त्री-पुरुषांनीं बेशरम उपटलें, तळ नांगरला, आणि हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, कुमुदिनी यांसारख्या देशी वनस्पति हातांनीं लाविल्या. माशांस अंडीं घालण्यास आडोसा मिळाला, पिलांस अन्न मिळालें, आणि दिसेनासे झालेले देशी मासे पुनः जाळ्यांत येऊं लागले. कोणती वनस्पति कोणत्या माशास मानवते, हें ज्ञान ढिवरांपाशीं पूर्वींपासून होतेंच. विचारणारा मात्र हवा होता.

घरच्या भांड्यासही हाच न्याय लागू आहे. तळाशीं धुतलेली वाळू घालून तींत हायड्रिला किंवा व्हॅलिसनेरिया लावावी. पाणी विहिरीचें असल्यास उत्तम. नळाचें असल्यास एक दिवस उघडें ठेवून मग घ्यावें. वनस्पति रुजेपर्यंत दोन-तीन आठवडे धीर धरावा, आणि मग मोजके मासे सोडावे. अन्न कांहीं मिनिटांत संपेल इतकेंच द्यावें. उरलेलें कुजून पाणी विषारी होतें. दर आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलावें. वैशाखांत विशेष जपावें, कारण ऊन पाण्यांत प्राणवायु कमी विरघळतो. रात्रीं तर वनस्पतीहि तो घेऊं लागते. आणि कंटाळा आला म्हणून दुकानांतील मासा गांवच्या तलावांत कधींही सोडूं नये. तो तेथील देशी माशांचा घास घेणारा उपरा ठरूं शकतो.

आमच्या घरीं भांडें मांडलें तेव्हां आत्याबाईंनीं विचारिलें, "अरे, मुका जीव कांचेंत कोंडून कसला रे आनंद?" प्रश्न खोटा नव्हता. उघड्या कांचेंत, नुसत्या पाण्यांत ठेविलेला मासा हा कैदीच होय, आणि त्याच्या तडफडीस छंद म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. परंतु जेथें पानाआड लपतां येतें, जेथें पाणी जिवंत आहे, आणि जेथें घरांतील मुलें रोज पाण्याचा रंग पाहून आपलें कर्तव्य ठरवितात, तेथें मासा हा शोभेची वस्तु न राहतां शिक्षक होतो. आत्याबाईंस हें कितपत पटलें कोण जाणे. पण पुढें मुलांनीं मूठभर जास्त दाणे टाकले, कीं पहिली हांक त्यांचीच येई.

ज्या मुलास वाडगाभर पाण्याची नाडी कळली, तो मोठेपणीं गांवच्या तलावांत बेशरम माजलेलें पाहून स्वस्थ बसणार नाहीं, एवढी आशा धरण्यास हरकत नसावी.