यातलं आमचं गाव कुठलं?

माझी वहिनी सिनसिनाटीची. तिच्या आजीने नव्वदी ओलांडलीय आणि तिला एकच ध्यास लागलाय: आपले आजोबा जर्मनीतल्या कुठल्या गावचे, ते कळायला हवं. मी फ्रीलान्स पत्रकार, म्हणजे सगळ्यांच्या मते रिकामीच! काम माझ्या गळ्यात.

१९०० च्या अमेरिकन जनगणनेत आजोबा चटकन भेटले. आल्याचं साल १८८३, जन्मस्थान ‘जर्मनी’. बस्स. १८९० ची जनगणना बघावी, तर तिचे बहुतेक कागद १९२१ मध्ये वॉशिंग्टनच्या आगीपायी गेलेले. बाय द वे, एलिस आयलंडच्या कारकुनांनी लोकांची आडनावं बदलली, हा निव्वळ फिल्मी किस्सा. ते जहाजाच्याच यादीवरून नावं ताडून बघत. शिवाय ते केंद्र उघडलं १८९२ मध्ये. आमचे आजोबा त्याआधीच उतरलेले.

खरा खजिना हॅम्बुर्गचा. तिथल्या १८५० ते १९३४ च्या प्रवासी याद्यांत चक्क राहतं गाव लिहिलेलं असतं. पण आजोबा त्यात नाहीतच! म्हणजे बहुधा ब्रेमेनहून निघाले, आणि तिथल्या जुन्या याद्या जवळपास सगळ्या नष्ट.

शेवटी कामी आलं सिनसिनाटीतलं जर्मन चर्च. लग्नाच्या नोंदवहीत, जुन्या टोकेरी जर्मन अक्षरात, आजोबांच्या नावापुढे एक शब्द: नॉयेनकिर्शेन. (आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वह्या असतात ना, तसंच काहीसं.) लोच्या एवढाच, की या नावाची गावं जर्मनीत एक सोडून कितीतरी आहेत. वहिनीने फोन केला, तर आजीने तो शब्द तीनदा म्हणवून घेतला आणि विचारलं, ‘यातलं आमचं कुठलं?’

सध्या एकेका चर्चला पत्र लिहितेय.