सापकांदा

मृगाचे दोन-चार पाऊस पडून गेले की आंबोली-महाबळेश्वराकडील दाट झाडीत, पालापाचोळ्यातून एक पांढरट फणा डोके वर काढतो. नवख्या माणसाचे पाऊल तेथेच थबकते. तो नाग नव्हे, सापकांद्याचे फूल होय. अळू-सुरणाच्या कुळातील ही वनस्पती सह्याद्रीची स्वतःची आहे. फणा म्हणजे वस्तुतः एक गुंडाळलेले पानच. खरी फुले आतील दांड्यावर, अगदी बारीक. हिरवे पान बहुधा एकच, तेही फुलामागून येते आणि छत्रीसारखे पसरते.

कालिदासाने मेघदूतात पहिल्या पावसाने ओलावलेल्या भूमीवरील कन्दलीचा उल्लेख केला आहे. मल्लिनाथ तिला भूमिकदली म्हणतो. ती हीच, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु तो श्लोक वर्गात शिकविताना माझ्या डोळ्यांपुढे मात्र सापकांदाच उभा राही.

या वंशातील अनेक जातींची रीत मोठी विलक्षण आहे. कांदा लहान असतो तोवर झाड नर असते. कांद्यात पुरेसा साठा झाला की तेच झाड मादी होते, फळे धरते. आणि त्या श्रमाने कांदा क्षीण झाला तर पुढील वर्षी पुन्हा नर होऊन शक्ती साठवीत बसते. गतवर्षी ही हकीगत मी घरात सांगितली, तेव्हा धाकट्या सुनेच्या दुसऱ्या बाळंतपणास जेमतेम दोन महिने झाले होते. ती अशक्त होती. व्याही आणखी दोन महिने तिला ठेवून घेऊ म्हणत होते, आणि आमच्या वडीलधाऱ्या मंडळींना तिला आणण्याची घाई झाली होती. सौ. म्हणाली, "ऐकलंत ना? त्या कांद्याला कळतं ते तुम्हां पुरुषांना कळू नये?" सून दिवाळीनंतर आली.

पावसाळा सरता सरता मादी झाडावर तांबड्या फळांचा घोस दिसतो. मग पान गळते आणि कांदा मृगापर्यंत मातीखाली स्वस्थ पडून राहतो. नातवंडांना तो उकरून आणून अंगणातील कुंडीत लावावयाचा आहे. मी संमती दिलेली नाही. वृंदावनापाशी दिवसभर ऊन असते, तेथे तो जगावयाचा नाही. शिवाय त्याचा तुकडा कोणा लहानग्याने तोंडात घातला, तर आतील सूक्ष्म सुयांनी जीभ-घशाची आग आग होते. पाहावयाचाच असेल तर मुलांनी मृगात माझ्याबरोबर रानात चलावे. जागा मी दाखवीन.