सात मिनिटांचा व्हिडिओ

शीळफाट्यावर मी गेली चोवीस वर्षे जनरल प्रॅक्टिस करीत आहे. दवाखान्याच्या पायरीवर उभे राहिले की उरणच्या बंदराकडून आलेले कंटेनर मुंब्रा बायपासच्या दिशेने रांगत जाताना दिसतात. कल्याणकडची वाहने महापेकडे वळू पाहतात, महापेकडची कल्याणकडे, आणि सर्वांची गाठ येथेच पडते. अशा ठिकाणी बसून मी रुग्णांना सांगत असे, "रोज अर्धा तास चालत जा." एकदा एका मावशींनी शांतपणे विचारले, "चालायचं कुठं, डॉक्टरसाहेब? तुम्हीच सांगा." मला उत्तर देता आले नाही. खिडकाळीच्या जवळपास राहणाऱ्यांना खिडकाळेश्वराच्या तळ्याचा परिसर तरी आहे. इतरांच्या वाट्याला धूळ, हॉर्न आणि दुचाक्यांनी व्यापलेली रस्त्याची कड.

म्हणूनच २०२० च्या टाळेबंदीत आम्हा सहा शाळासोबत्यांचा व्हॉट्सअॅप गट जमला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. कोणी डोंबिवलीत, कोणी कळव्यात, कोणी दिव्यात. सर्वांनी पन्नाशी ओलांडलेली. सकाळी सहाच्या सुमारास पहिला निरोप येई, "झाला." पाठोपाठ घामेजलेल्या चेहऱ्याचे छायाचित्र येई. कोणी खुर्ची धरून बैठका काढी, कोणी जिन्याचे चार मजले चढून येई. ज्याने अजून अंथरूण सोडलेले नसे, त्याला लाज वाटे आणि तोही उठे. माझ्या चिठ्ठीवरच्या 'व्यायाम करा' या दोन शब्दांनी फारशी माणसे हललेली मी पाहिली नव्हती. मित्राच्या एका घामट फोटोने हलत होती. टाळेबंदी उठली, तरी गट टिकला.

त्यानंतर दोन वर्षांनी, ऐन पावसाळ्यात, मी त्या गटावर एक व्हिडिओ पाठवला. सात मिनिटांत बारा व्यायाम, साधने म्हणजे एक खुर्ची आणि एक भिंत. खाली मी लिहिले, "उत्तम आहे. रोज करा. वेळ नाही ही सबब आता संपली."

या ओळी डॉक्टरने लिहिल्या होत्या, हे महत्त्वाचे. गटातील इतर कोणी पाठवलेला व्हिडिओ हा केवळ व्हिडिओ असे. माझा मात्र, माझ्या नकळत, औषधाची चिठ्ठी झाला होता.

आमचा एक मित्र महापेच्या एका कंपनीत नोकरीला आहे. वय तेव्हा सत्तावन्न, मधुमेह अकरा वर्षांचा, आणि रोजचे दोन तास बसमध्ये फाट्यावर अडकून जाणारे. त्याने तो कार्यक्रम उत्साहाने सुरू केला. पहिल्या आठवड्यात एक फेरी, मग दोन, मग तीन. कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर शरीर ताठ धरून राहण्याच्या प्लँकची त्याला विशेष गोडी लागली. चाळीस सेकंद, एक मिनिट, दीड मिनिट असे आकडे तो रोज कळवी आणि आम्ही अंगठे उंचावत असू. मीही उंचावले. एका छायाचित्रात त्याचा चेहरा लालबुंद होता, ओठ घट्ट मिटलेले होते. मी ते पाहिले होते. मित्राचा फोटो डॉक्टरसुद्धा मित्राच्याच नजरेने पाहतो.

बाराव्या की तेराव्या दिवशी सकाळीच वहिनींचा फोन आला. "भाऊजी, यांना उजव्या डोळ्यापुढं काजळी धरल्यासारखं दिसतंय. काळे धागे तरंगतायत म्हणतात. दुखत काहीच नाही."

दुखत नाही, हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. त्याच दुपारी नेत्रतज्ज्ञांनी बाहुली मोठी करून तपासले. दीर्घकाळच्या मधुमेहाने दृष्टिपटलावर नव्या, अत्यंत नाजूक रक्तवाहिन्या उगवल्या होत्या आणि त्यांतली एक फुटून डोळ्याच्या आतील जेलीसारख्या द्रवात रक्त उतरले होते. अशा डोळ्यांना जोराचा ताण वर्ज्य असतो. शरीर ताठ धरून ठेवले की आकसलेले स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबतात आणि रक्तदाब चढतो. त्यात माणसाने श्वास कोंडला, तर तो आणखी चढतो.

नेत्रतज्ज्ञांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "डॉक्टर, व्यायामानेच झाले असे म्हणता येणार नाही. या वाहिन्या झोपेतही फुटतात." क्षणभर मला सुटल्यासारखे वाटले, आणि लगेच त्या सुटकेचीच लाज वाटली. वाहिनी कशाने फुटली याचा निकाल कोणीच देऊ शकत नव्हते. परंतु अकरा वर्षांत त्याचे दृष्टिपटल एकदाही तपासले गेले नव्हते, हे मी विचारले असते तर मला कळले असते. टाइप दोनच्या मधुमेहात निदान होताच, आणि पुढे दरवर्षी, ही तपासणी करावी हे मी दवाखान्यात दिवसातून कितीदा तरी सांगतो. हा मात्र माझा रुग्ण नव्हता, मित्र होता. त्याची साखर मी फोनवरच विचारीत असे.

त्या रात्री मी त्या व्हिडिओचे मूळ शोधले. ब्रेट क्लिका आणि ख्रिस जॉर्डन या दोन प्रशिक्षकांनी २०१३ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या एका नियतकालिकात हा कार्यक्रम मांडला होता. तीस सेकंद व्यायाम, दहा सेकंद विसावा. त्याच लेखात त्यांनी स्पष्ट लिहिले आहे की स्थूल, वयस्क, सवय सुटलेल्या किंवा आजार असलेल्या माणसांनी जपून करावे. उच्च रक्तदाब वा हृदयविकार असेल तर प्लँक आणि भिंतीला पाठ टेकून अधांतरी बसणे हे प्रकार करूच नयेत. मी पाठवलेल्या व्हिडिओत यातले एक अक्षरही नव्हते. बारा व्यायाम समुद्र ओलांडून शीळफाट्यापर्यंत आले, सूचना मागेच राहिली.

दूरच्या माणसापर्यंत व्यायाम पोहोचवण्याची हौस काही आजची नव्हे. सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेले औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे इंग्रजी पुस्तक लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंच्या संपादनाने १९३८ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले होते. पुस्तक असो वा व्हिडिओ, दोघांनाही समोरच्याचे शरीर दिसत नाही. आमचे शाळेतले पी. टी. चे सर शिस्तीचे कडक होते, पण कोणाचा गुडघा सुजला आहे आणि कोण न खाता आला आहे, हे त्यांना रांगेकडे पाहून कळे.

मी गटावर सारे लिहिले, माझ्या चुकीसह. एकाने गटच बंद करावा असे सुचवले. मी त्याला विरोध केला आणि आजही करीन. घरात बसून राहिल्याने होणारे नुकसान मी रोज टेबलापलीकडे पाहतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम सांगते. फाट्यावरच्या वाहतुकीत दिवस घालवणाऱ्या माणसाला तेवढे घरच्या व्यायामानेच साधणार आहे, आणि एकट्याने ते टिकत नाही. तेव्हा गट राहिला, बोलण्याची रीत बदलली. व्हिडिओ ज्याने पाठवला त्याने तो आधी स्वतः आठवडाभर करून काय दुखले ते लिहायचे. कोणी सेकंदांचे आकडे टाकायचे नाहीत. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या चौघांनी (त्यात मीही आलो) डोळे, हृदय आणि पाय तपासून घेतले. कळव्याच्या मित्राचा रक्तदाब १६० च्या वर निघाला. त्याला स्वतःला काही जाणवतच नव्हते. आणि व्यायाम करताना प्रत्येकाने मोठ्याने मोजायचे, कारण मोजणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येत नाही.

मित्राच्या डोळ्यांवर लेसरचे उपचार झाले. उतरलेले रक्त काही आठवड्यांत निवळले; बारीक अक्षर वाचताना त्या डोळ्याला थोडे अडखळायला होते, एवढेच. नेत्रतज्ज्ञांनी परवानगी दिल्यावर तो इमारतीखालच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून चालू लागला. ताठ धरून राहण्याचे प्रकार त्याने कायमचे सोडले.

गेल्या रविवारी त्याने गटावर स्वतःचा व्हिडिओ टाकला. चित्रण वहिनींचे, त्यामुळे निम्मा वेळ पंखाच दिसतो. हातांचा आधार न घेता तो खुर्चीवरून उठतो, बसतो, आणि मोठ्याने मोजतो. नवाला खाली एका कंटेनरने दीर्घ हॉर्न वाजवला, त्याचा आकडा हुकला आणि त्याने पुन्हा सातपासून सुरुवात केली. वहिनी मागून म्हणाल्या, "अहो, नऊ झाले होते." तो म्हणाला, "असू दे," आणि पुढे मोजत राहिला.