आत्याच्या दारातला बर्फ

मे महिना, जबलपूरचा पारा 43 वर, आणि मी कूलरसमोर बसून अमेरिकेतल्या घरांच्या दारातला बर्फ कसा वितळवतात यावर लेख लिहीत होते. कंटेंट रायटरचं काम असंच असतं. मी आजवर बर्फ पाहिलाय तो गोळेवाल्याच्या गाडीवरचा.

पण लेख लिहिताना सारखी आत्या आठवत होती.

आत्या आमच्या नेपियर टाऊनच्या घरात वाढली आणि लग्नानंतर मिशिगनला गेली. तिथे रस्त्यापासून गॅरेजपर्यंतच्या काँक्रीटच्या वाटेला ड्राइव्ह-वे म्हणतात. हिवाळ्यात त्यावर बर्फ साचतो आणि तो ज्याचा त्याने काढायचा. आतोबा होते तोवर ते फावडं घेऊन काढायचे. ते गेल्यावर आत्या एकटीच काढू लागली, म्हणून कॅलिफोर्नियातल्या दादाने काँक्रीटखाली गरम होणारी केबल टाकून घेतली. सगळीकडे नाही, गाडीच्या दोन चाकांपुरते पट्टे आणि दारापर्यंतची पायवाट.

तरीही गेल्या जानेवारीत आत्या त्याच पायवाटेवर घसरून पडली. मनगट मोडलं. आम्हाला सांगितलं आठ दिवसांनी. दादाने धोशा लावला, "घर विक आणि माझ्याकडे ये." बाबा तिकडून फोन आला की हल्ली गप्पच होत.

केबल असून ती पडली कशी, हे कोणी विचारलंच नव्हतं. मी लेखासाठी वाचत होते तेव्हा शंका आली आणि तिला फोन लावला.

"अगं, मी सकाळी तासभर लावायचे. बर्फ वितळला की बंद," आत्या म्हणाली. "बिल किती येतं ठाऊक आहे?"

अगदी आमच्या घरचं वळण! पाणी तापलं की गिझर बंद, नाहीतर बाबांची हाक येतेच. आणि आत्याचं तरी काय चुकलं? अशी केबल एका चौरस फुटाला साधारण 50 वॅट वीज घेते. तिच्याकडे दोनशे चौरस फूट, म्हणजे एकदम पाच मोठे गिझर चालू. दहा तासांत शंभर युनिट!

पण गिझरचा हिशेब इथे चालत नाही. गारठलेलं काँक्रीट तापायलाच काही तास जातात. आणि बर्फ वितळल्यावर राहिलेलं पाणी सुकायच्या आत केबल बंद केली, तर ते पुन्हा गोठतं. त्याचा काचेसारखा पातळ थर होतो, दिसतही नाही. आत्या त्यावरच घसरली होती.

तिच्या भिंतीवरच्या कंट्रोलरला 'ऑटो' होतं, ते तिने कधी वापरलंच नव्हतं. जमिनीत बसवलेला सेन्सर थंडी आणि ओल दोन्ही बघतो. नुसती कोरडी थंडी असेल तर केबल बंदच राहते. बिल वाचतं ते इथे. बर्फ थांबल्यावरही जमीन सुकेपर्यंत ती काही तास चालू ठेवता येते. किती तास, ते आपण ठरवायचं.

तिला पटेना, तेव्हा मी तिच्याच राज्यातल्या हॉलंड गावाचं उदाहरण दिलं. तिथे 1988 पासून बाजारपेठेतल्या रस्त्यांखाली आणि फुटपाथखाली नळ्या आहेत. वीजकेंद्रातली वाया जाणारी उष्णता वापरून साधारण 35 अंशांचं पाणी त्यांतून फिरवतात. एवढं गरम पाणी तर उन्हाळ्यात आमच्या टाकीतून फुकट येतं!

"ते गावाचं आहे, बिल गावाचं," आत्या म्हणाली. पण व्हिडिओ कॉलवर कंट्रोलर दाखवला. आम्ही दोघींनी मिळून तो 'ऑटो'वर टाकला आणि बर्फानंतरचे चार तास लावले.

डिसेंबरात एकदा रात्री आठला तिचा कॉल आला. तिकडे सकाळचे साडेनऊ वाजले होते. दोन्ही बाजूंना पांढरे ढीग आणि मधून ओली, काळपट पायवाट. घर अजून विकलेलं नाही.

"बर्फ थांबून तास झाला, दिवा अजून लागलेलाच आहे," ती म्हणाली. तिचं बोट बटणाजवळ दिसत होतं.

"आत्या, हात लावू नकोस."

"नाही लावत गं. पण किती युनिट झाले ते तुझ्या बाबाला सांगू नकोस."

बाबा माझ्या शेजारीच बसले होते.