लिंबोणीच्या बागेतील कारागीर

सॅम मलूफ यांच्या व्यवसायपत्रिकेवर त्यांचा परिचय एकाच शब्दात छापलेला असे : लाकूडकाम करणारा. कलावंत, शिल्पकार ही बिरुदे जगाने पुढे यथावकाश दिली. त्यांना स्वतःला मात्र तो साधा शब्दच प्रामाणिक वाटे.

कॅलिफोर्नियातील चिनो या गावी, लेबनॉनहून आलेल्या कुटुंबात, १९१६ साली त्यांचा जन्म झाला. १९४१ साली त्यांना सैन्यात जावे लागले आणि युद्धकाळात अलास्काच्या थंडीचा अनुभव घ्यावा लागला. १९४५ मध्ये त्यांनी गणवेश उतरविला. त्या युद्धाच्या खुणा त्यांच्या खुर्च्यांत शोधण्याचा मोह अभ्यासकाला होतो; तो आवरलेलाच बरा. परतलेल्या सैनिकापुढचा प्रश्न पोटाचा असतो, आणि घराचा.

१९४८ साली अल्फ्रेडा यांच्याशी विवाह झाला, तेव्हा नव्या घरात बसायलाही काही नव्हते. टाकाऊ प्लायवूड आणि खोक्यांची लाकडे जमवून मलूफ यांनी घरापुरते सामान तयार केले. ही विद्या कोणा गुरूच्या घरी बसून घेतलेली नव्हती. ते सामान पाहून लोक मागणी करू लागले, आणि पगाराची नोकरी सोडण्याचे धाडस त्यांनी केले. हिशेब आणि पत्रव्यवहार अल्फ्रेडांनी सांभाळला. त्यांच्यावाचून ते धाडस टिकले असते असे वाटत नाही.

त्यांची डोलखुर्ची विशेष गाजली. आक्रोडाच्या लाकडावर रेघ ओढून झाली की ते लाकूड दोन्ही हातांनी तोलीत, हवेतच तिरपे करीत, ते यंत्राच्या करवतीतून काढीत. हे धोक्याचे आहे, कोणी अनुकरण करू नये, असे पाहणाऱ्यांना बजावीत आणि स्वतः पुन्हा तेच करीत. पाय बैठकीच्या खाचेत बसवून, आतील स्क्रूवर आबनुसाची गुडदी ठोकून, मग कानशीने तो सांधा असा घासायचा की पाय कोठे संपला आणि बैठक कोठे सुरू झाली हे बोटांनाही कळू नये. शेवटी तेल आणि मेण हाताने जिरवायचे. कारखान्यात हजारोंनी खुर्च्या काढण्याचे प्रस्ताव आले. त्यांनी ते नाकारले आणि एकेक खुर्ची घडविणेच पसंत केले. १९८५ मध्ये मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडेही त्यांच्या खुर्च्या पोचल्या. कामाची रीत मात्र बदलली नाही.

आल्टा लोमा येथील लिंबोणीच्या बागेत १९५३ पासून त्यांचे घर वाढत गेले. पैसा हाती येईल तशी एकेक खोली. दारांच्या कड्यादेखील लाकडाच्या, हाताने कोरलेल्या. अशा घराला नकाशा नसतो, वय असते. त्याच घरावरून नव्या महामार्गाची रेघ गेली. वास्तूचे ऐतिहासिक मोल मान्य झाले होते म्हणून ती पाडली गेली नाही. काही मैलांवरील दुसऱ्या जागी हलविण्यात आली. त्यापूर्वीच, १९९८ साली, अल्फ्रेडा निवर्तल्या होत्या. ज्या घरात पन्नाशीच्या संसारातील बहुतेक वर्षे गेली, ते तुकड्यांनी उचलले जाताना पाहणे एकट्या मलूफ यांच्या वाट्याला आले.

ऐंशी उलटलेल्या त्या कारागिराने नव्या जागीही कार्यशाळा थाटली. २००९ मध्ये, त्र्याण्णव वर्षांचे असताना, त्यांचे निधन झाले. तेव्हाही खुर्चीसाठी नाव नोंदवून वाट पाहणारे लोक होते.